ज्येविना सूर्योदय: वाचनालयाच्या फलकाच्या प्रकल्प नोंदी

८ फेब्रुवारी २०२६, रविवार

समितीने होकार दिला. वाचनालयाच्या दारावर एक छोटा फलक लागणार: अलिबागचा आजचा सूर्योदय आणि आजचा सूर्यास्त, बस्स. बोर्ड अर्डुइनो ऊनो (हिशेब करणारा छोटा संगणक), वेळ राखायला डीएस३२३१ चिप, आकडे दाखवायला चार-चार घरांचे दोन डिस्प्ले. इंटरनेट जोडायचं नाही. पावसाळ्यात इथे नेटचा भरवसा नसतो, आणि दोन आकड्यांसाठी दर महिन्याला रिचार्ज कोण मारणार हा प्रश्न समितीने माझ्या आधीच विचारून टाकला.

माझी अट एकच. फलक जे दाखवेल ते विज्ञान मंडळातल्या सातवी-आठवीच्या मुलांना कागद-पेन्सिलीवर पडताळता आलं पाहिजे. त्यांना अजून त्रिकोणमिती शिकवलेली नाही. म्हणजे हाताशी चार मूळ क्रिया, फार तर वर्गमूळ. ऊनोची अडचण नाही. दिवसातून एकदा साइन काढणं त्याला डाव्या हाताचा मळ. बंधन मुलांसाठी घातलंय, यंत्रासाठी नाही.

समितीतल्या एका काकांचं म्हणणं, सेकंदही दाखवा, भारदस्त वाटतं. बघू म्हटलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र, त्यामुळे मुलं कमी. जी आली त्यांच्याबरोबर आधी चुकीचं अंदाजपत्रक मांडलं. सूत्रं नंतर. किती चूक परवडते हे ठरल्याशिवाय कुठलं सूत्र पुरेसं आहे हे कळणारच नाही.

फलक मिनिटं दाखवणार. तेव्हा सगळ्या चुका मिळून एक मिनिटाच्या आत राहायला हव्यात. आता खर्चाच्या बाबी.

रेखांश: भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंशांची, अलिबाग ७२.८७ वर. फरक ९.६३ अंश, अंशाला चार मिनिटं, म्हणजे ३८ मिनिटं ३१ सेकंद. गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्व-पश्चिम एक किलोमीटर धरला तर सव्वादोन सेकंदांचा फरक. सोडून दिला.

घड्याळ: चिपची हमी दहा लाखांत दोन भागांची, म्हणजे वर्षाला साधारण एक मिनिट. वर्षातून दोनदा काटा जुळवला की अर्ध्या मिनिटाच्या आत. जुनी डीएस१३०७ घेतली असती तर नेहमीच्या स्फटिकावर महिन्यालाच पाऊण-एक मिनिट गेलं असतं. शंभरेक रुपये वाचवून काय करायचंय.

क्षितिज: ही मोठी बाब. सूर्य ‘उगवला’ म्हणतो तेव्हा बिंबाची वरची कड दिसलेली असते, मध्य नाही. त्याचे १६ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). शिवाय हवेत प्रकाश वाकतो, म्हणून सूर्य प्रत्यक्षात क्षितिजाखाली असतानाच दिसतो. त्याचे ३४ कला. मिळून ५० कला, आपल्या अक्षांशावर साडेतीन मिनिटं. हे ३४ सरासरी आहेत. तापमान आणि दाबाप्रमाणे हवा बदलते. आकडा दहा टक्के हलला तरी १४ सेकंद हलतात, आणि ते हलणं आपल्या हातात नाही.

काकांना उत्तर मिळालं. ज्या आकड्यातले १४ सेकंद रोजची हवा ठरवते त्याला सेकंदांचा काटा लावणं म्हणजे भाजीवाल्याने तराजूचा झोक न बघता दशांश सांगणं. काका म्हणाले, “मग ‘सुमारे’ तरी लिहा.” लिहिणार आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज ज्या, म्हणजेच साइन. भास्कराचार्य पहिले, लीलावतीवाले ते दुसरे, यांच्यानंतर पाचशे वर्षांनी झालेले. पहिल्यांनी आर्यभटीयावर भाष्य लिहिलं ते इसवी सन ६२९ चं. त्यांच्या महाभास्करीयात कोष्टकाशिवाय ज्या काढायची रीत आहे. अंश घ्या. ते १८० मधून वजा करा. दोन्हींचा गुणाकार करा, त्याला ‘ग’ म्हणू. आता ग ची चौपट भागिले ४०५०० वजा ग.

मुलांना सूत्र आयतं न देता इथवर आणायचं होतं. सुरुवात साध्या कल्पनेने केली: शून्य आणि १८० अंशांवर शून्य, मध्ये फुगवटा, तर ग ला ८१०० ने भागून बघा. ९० वर बरोबर १ येतो. पण ३० वर ०.५५५ येतो आणि यायला हवा ०.५. फुगवटा जास्त झाला. मग भाजक स्थिर न ठेवता तोही ग प्रमाणे बदलू द्यायचा: ग भागिले (अ अधिक ब गुणिले ग). दोन अटी, ९० वर १ आणि ३० वर अर्धा. आठवीतल्या एका मुलीने एका समीकरणातून अ काढून दुसऱ्यात घातला: ब उणे पाव, अ १०१२५. वर-खाली चारने गुणलं की ४०५०० समोर उभा. फळ्यावर ते आल्यावर मागच्या बाकावरून “अरेच्चा” ऐकू आलं. त्यासाठीच सगळा खटाटोप होता.

मग कॅल्क्युलेटरशी गाठ. १० अंशांना रीत ०.१७५३ देते, खरी ज्या ०.१७३६. ४५ ला ०.७०५९, खरी ०.७०७१. ६० ला ०.८६४९, खरी ०.८६६०. ३० आणि ९० ला तंतोतंत, कारण तिथेच खुंटे ठोकले होते. चूक कुठेही ०.००१७ च्या वर जात नाही.

मात्र एक खोच आहे, ती वहीत ठळक लिहायला सांगितली. अगदी लहान कोनांना चूक दिसायला चिमूटभर, पण त्या मानाने ज्याच लहान. एक-दोन अंशांवर रीत जवळजवळ पावणेदोन टक्के जास्त सांगते. ‘चूक किती’ आणि ‘कशाच्या मानाने किती’ हे वेगवेगळे प्रश्न.

१ मार्च, रविवार

कोड. ऊनोमधला साधा पूर्णांक १६ बिटांचा, ३२७६७ पर्यंत. भास्कराचार्यांचा ४०५०० त्यात मावत नाही. चिन्ह नसलेला प्रकार घेतला तर ६५५३५ पर्यंत जागा मिळते आणि पूर्ण अंशांसाठी सगळं बसतं. गंमत म्हणजे चौपट ग जास्तीत जास्त ३२४००, तो साध्यातही मावतो, जेमतेम. अपूर्णांकासाठी भागाकाराआधी दहा हजाराने गुणतो, तिथे मात्र ३२ बिट लागतातच.

मध्यान्ह रोज ठीक १२:३८:३१ ला होत नाही. पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस कललेला, म्हणून सूर्य घड्याळाच्या कधी पुढे, कधी मागे. फेब्रुवारीच्या मध्यात १४ मिनिटं मागे, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ मिनिटं पुढे. यासाठी तीन ज्यांची बेरीज असलेलं नेहमीचं सूत्र वापरतोय, सहगुणक ९.८७, ७.५३ आणि १.५. प्रत्येक ज्येत ०.००१६३ ची चूक धरली आणि तिन्ही चुका एकाच बाजूला पडल्या असं मानलं, तरी एकूण दोन सेकंदांच्या आत. सूत्राची स्वतःचीच चूक वीस-तीस सेकंदांची आहे. तिच्यापुढे भास्कराचार्यांचे दोन सेकंद कुठल्या कुठे.

८ मार्च, रविवार

आजचा दिवस चराचा. विषुवदिनी सूर्य सहाला उगवतो आणि सहाला मावळतो (स्थानिक सूर्यवेळेने, वाकणं-बिकणं सोडून). बाकी दिवशी सहाच्या मागे-पुढे जितका सरकतो ते चर. आजच्या पद्धतीने त्याला स्पर्शज्या (टॅन्जंट) लागते आणि शेवटी उलटी ज्या, म्हणजे ज्येवरून परत कोन.

उलट्या ज्येसाठी आधी भास्कराचार्यांचंच सूत्र उलटं फिरवून पाहिलं, त्यात वर्गमूळ येतं. २१ जूनला अलिबागसाठी ज्या ०.१४६३. खरा कोन ८.४१ अंश, उलट्या सूत्राने ८.३२. नुसतं ५७.३ ने गुणलं तर ८.३८! सगळ्यात ओबडधोबड रीत जिंकली. कारण कोन लहान आहे, आणि लहान कोनांत ज्या आणि चाप (वर्तुळाचा कंस) जवळजवळ एकच. भास्कराचार्यांची रीत शून्य ते १८० पर्यंत सांभाळून घेते, म्हणून या कोपऱ्यात थोडी सैल.

पण मुलांसाठी याहून सोपी वाट आहे आणि ती इथून जवळच्या गावातली. अलिबागहून रेवदंडा, काशीद ओलांडून मुरुडकडे जाताना नांदगाव लागतं. तिथले गणेश दैवज्ञ. त्यांनी शके १४४२, म्हणजे १५२० साली ग्रहलाघव रचलं, आणि पुढची कित्येक शतकं महाराष्ट्रातली पंचांगं त्यावरून होत राहिली. ग्रंथाचं वैशिष्ट्य हे की ज्या आणि चाप त्यांनी हद्दपारच केले. शेवटी ते म्हणतात त्याचा आशय असा: आधीच्या थोरांनी कुठेतरी एखादी गोष्ट ज्येविना केली आणि त्याच्या गर्वाच्या शिखरावर चढून बसले; मी सगळंच ज्येविना केलं, पण माझी बुद्धी त्यांच्याच शास्त्रावर वाढली, तेव्हा तो गर्व मला नको. नम्रता म्हणायची की कोकणी चिमटा, ज्याने त्याने ठरवावं. मला दुसरं वाटतं.

चराची रीत जुनी, अनेक ग्रंथांत आहे. विषुवदिनी मध्यान्ही १२ अंगुळांच्या शंकूची, म्हणजे उभ्या काठीची, जी सावली पडते ती पलभा. पलभेला १०, ८ आणि १० तृतीयांशाने गुणा, ही तीन चरखंडं, पळांत. (एक पळ २४ सेकंद.) सूर्य विषुवापासून पहिले ३० अंश जाईतो पहिलं खंड भरतं, पुढच्या ३० ला दुसरं, मग तिसरं. अलिबागची पलभा ४ धरली तर ४०, ३२ आणि १३⅓.

संगणकावर पूर्ण त्रिकोणमितीने ताडून पाहिलं, परमक्रांती (सूर्य विषुववृत्तापासून जास्तीत जास्त जितका दूर जातो तो कोन) जुन्या ग्रंथांप्रमाणे २४ अंश ठेवून. ३० अंशांवर खरी ३९.७ पळं, रीत ४०. ६० वर ७२.१, रीत ७२. ९० वर ८५.३, रीत ८५⅓. मी दोनदा तपासलं. तीन साधे गुणक, आणि कुठे पळाच्या तिसऱ्या हिश्शाइतकासुद्धा फरक नाही.

आज परमक्रांती २३.४४ आहे, त्यामुळे रीत जूनमध्ये थोडी जास्त सांगते. अलिबागची नेमकी पलभा ४.०५, ती ४ केली की रीत थोडी कमी सांगते. दोन चुका एकमेकींना खातात आणि २१ जूनला अर्धा मिनिट उरतो. हे नशीब अलिबागचं. नागपूरला पलभा ४.६४, तिथे कोणी हा फलक लावणार असेल तर त्याने आपला हिशेब आपण करावा.

खरा वांधा टोकांवर नाही, मधे आहे. तिसऱ्या खंडात रेष जोरात वाकते आणि आपण ती सरळ धरतो. ७५ अंशांवर, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, दोन पळं कमी पडतात, जवळपास ५० सेकंद. एवढ्यानेच सगळं अंदाजपत्रक संपलं. तिसऱ्या खंडाचे दोन तुकडे केले: पहिल्या १५ अंशांना ९ पळं, दुसऱ्या १५ ला ४⅓. बेरीज तीच, ७५ वरची चूक दहा सेकंदांच्या आत.

१९ मार्च, गुरुवार, गुढीपाडवा

फलकाचं काम नव्हतं, पण आजचा दिवस सोडवेना. आज अलिबागला सूर्योदय ६:४४ आणि अमावास्या संपली ६:५३ ला. सूर्योदयाला अमावास्या, दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयाआधीच प्रतिपदा खलास; म्हणजे प्रतिपदेचा क्षय आणि पाडवा आजच. द्वारका आपल्या पश्चिमेला जवळपास चार अंश. तिथे सूर्योदय ६:५९ च्या आसपास, तेव्हा प्रतिपदा लागलेली. नऊ मिनिटं इकडे, सहा मिनिटं तिकडे. आमच्या फलकाला एक मिनिटाची चूक चालते. असल्या दिवशी तिथी ठरवणाऱ्या ग्रहगणिताला चंद्राच्या बाबतीत दहा मिनिटांचीही चालत नाही. त्याच सूर्यावर दोन कामं, पण खपवून घेण्याची मर्यादा वेगळी.

गुढी उभारून झाल्यावर मुलांना ग्रहलाघवाचा अहर्गण काढायला बसवलं. ग्रंथारंभापासून किती दिवस झाले, हा प्रश्न. गणेश दैवज्ञांनी मोठे आकडे टाळायला ११ वर्षांचं चक्र केलं, ४०१६ दिवसांचं.

शके १९४८ वजा १४४२ म्हणजे ५०६. भागिले ११, चक्रं ४६, बाकी शून्य. अधिकमासांसाठी चक्रांची दुप्पट अधिक १०, म्हणजे १०२, भागिले ३३: तीन येतात, बाकी ३. इतकी थोडी बाकी म्हणजे अधिकमास अगदी उंबरठ्यावर. यंदाचा अधिक ज्येष्ठ १७ मेला लागतोय, अजून यायचाय, म्हणून दोनच घ्यायचे. दोन महिन्यांच्या ६० तिथी, त्यात चक्रांचा सहावा भाग ७, झाले ६७. भागिले ६४, क्षयदिवस १, उरले ६६. आता वार. चक्रांची पाचपट २३०, अधिक ६६, एकूण २९६, सातने भागून बाकी २. सोमवारपासून मोजलं तर बुधवार. आज गुरुवार, म्हणून एक दिवस वाढवून ६७. वार जुळवायला एक दिवस इकडे-तिकडे करण्याची मुभा या गणितात गृहीतच असते.

सगळे मिळून ४६ गुणिले ४०१६ अधिक ६७, म्हणजे १,८४,८०३ दिवस. ग्रंथारंभ १९ मार्च १५२०, सोमवार (योगायोगाने तोही १९ मार्च, पण जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेचा). संगणकाला विचारलं: १,८४,८०३. पाचशे सहा वर्षांनी.

सातवीतल्या एकाने विचारलं, “सर, तो सहावा भाग मधेच कुठून आला?” उत्तम प्रश्न. चक्रात १३६ चांद्रमास. एक चांद्रमास २९.५३०५९ दिवसांचा, १३६ चे होतात ४०१६.१६. आचार्यांनी चक्राला पूर्ण ४०१६ घेतले. उरलेला ०.१६, म्हणजे जवळपास एक षष्ठांश, प्रत्येक चक्राला साचत जातो. सहा चक्रांनी तो एक दिवस होतो, म्हणून सहावा भाग परत मिळवायचा. अधिकमासांतली चक्रांची दुप्पटही अशीच जमा झालेली बाकी. मला या माणसाचं मोठेपण इथे दिसतं. ज्या टाकून दिली याचं कौतुक सगळे करतात. जे टाकलं त्याची खतावणी ठेवली हे त्याहून अवघड.

आणि वाराची पाचपट? ४०१६ ला सातने भागा, बाकी ५. हे मुलांनी न सांगता ओळखलं.

२० मार्च, शुक्रवार

विषुवदिन. नेमका क्षण रात्री सव्वाआठचा, पण सावली दुपारचीच मोजता येते. मध्यान्ह आज १२:४६ ला.

वाचनालयाच्या गच्चीवर १२० सेंटिमीटरचा पीव्हीसी पाइप, दहा सेंटिमीटरचा एक अंगुळ धरून. ओळंबा लावून उभा केला, खालची फळी पाण्याच्या नळीने लेव्हल केली. १२:३० पासून दर थोड्या वेळाने सावलीच्या टोकाला पेन्सिलीची खूण.

आणि टोक सापडेना. पाइपची सावली बुडाशी काळीभोर आणि धारदार, वर सरकत जाते तशी कड विरत जाते. टोकाशी गडद, मग करडं, मग फिकट, मग नुसतं ऊन. सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे. तिच्या एका कडेने टाकलेली सावली एकीकडे संपते, दुसऱ्या कडेने टाकलेली दुसरीकडे. सव्वा मीटर अंतरावर हा पट्टा सव्वा सेंटिमीटर रुंद भरतो. एकाने करड्याची सुरुवात धरली, ४०.२. दुसरीने शेवट, ४१.४. दोघं भांडायला लागले. दोघंही बरोबर होते. मध्य घेतला, ४०.८. संध्याकाळी होणारा विषुव दुपारी अजून आठव्या हिश्शाच्या अंशाइतका लांब होता, त्याचे तीन मिलिमीटर वजा केले: ४०.५. पलभा ४.०५.

शंकू दुप्पट उंच केला तर? सावली दुप्पट, विरलेला पट्टाही दुप्पट. काही सुटत नाही. टोकाशी बारीक छिद्राची पट्टी लावली तर सूर्याची गोल प्रतिमाच पडते आणि तिचा मध्य सहज सापडतो. पुढच्या वेळी तसं करू. फलकासाठी याची गरज नाही: ४ आणि ४.०५ मध्ये जूनमध्येही २६ सेकंदांचाच फरक.

१२ एप्रिल, रविवार

परीक्षांमुळे मधे खंड. आज सूर्यास्ताची परीक्षा. सूर्योदय इथे तपासता येत नाही, पूर्वेला डोंगर. पण पश्चिमेला समुद्राचं उघडं क्षितिज आहे, दुसरं काय हवं.

मुलांचा कागद: विषुवापासून २३ दिवस, सूर्य २२.७ अंश पुढे. चर ३०.२ पळं, म्हणजे १२.१ मिनिटं. क्षितिजाचे ३.६. अर्धा दिवस ६ तास १५.७ मिनिटं. मध्यान्ह १२:३९.५. सूर्यास्त ६:५५.

किनाऱ्यावर कुलाबा किल्ल्याच्या उजव्या अंगाला सूर्य उतरला. खालची कड पाण्याला टेकायच्या सुमारास बिंब चपटं झालं, शेंगदाण्याच्या लाडवासारखं नव्हे हो, नीट लंबवर्तुळ. खालच्या कडेचा प्रकाश वरच्यापेक्षा जास्त वाकतो त्याचा हा पुरावा. शेवटची लाल रेघ गेली तेव्हा तिघांनी तीन घड्याळं थांबवली: ६:५४:५० पासून ६:५५:२० पर्यंत. रेघ ‘गेली’ कधी म्हणायची यावर परत गच्चीसारखंच भांडण.

२६ एप्रिल, रविवार

रोज एक अंशाच्या आसपास चाल धरून एप्रिलमध्ये निभावलं, सप्टेंबरमध्ये निभणार नाही. यंदा २० मार्चच्या विषुवापासून २३ सप्टेंबरच्या विषुवापर्यंत १८६.४ दिवस आहेत. सरासरी चालीने सूर्य १८३.७ अंशांवर जाईल, खरा असेल १८० वर. पावणेचार अंशांची चूक, वेळेत दोन मिनिटं. अंदाजपत्रक दुपटीने ओलांडलं. कारण उघड आहे: जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर आणि संथ, जानेवारीत जवळ आणि वेगात.

दोन उपाय मांडले. मुलांचा: वर्षाचे चार तुकडे, प्रत्येकाची चाल वेगळी. यंदाचे दिवस ९२.७, ९३.७, ८९.९, ८९.०. प्रत्येक तुकड्यात ९० अंश सारखे वाटून टाकायचे. उरणारी चूक पंधरा सेकंदांच्या आत.

गणेश दैवज्ञांचा: रवीचं मंदफळ, म्हणजे सरासरी चालीचा सूर्य आणि खरा सूर्य यांतला फरक. मंदकेंद्राच्या (कक्षेतल्या सर्वांत दूरच्या बिंदूपासून सूर्याचं अंतर, अंशांत) भुजांशांना (तेच अंतर ९० च्या आत आणलेलं) ९ ने भागा, ते २० मधून वजा करून त्यांनीच गुणा. या गुणाकाराला ५७ वजा त्याचाच नववा भाग याने भागा. मी तो फळ्यावर मोकळा केला: ९ ग भागिले ४१५५३ वजा ग. भास्कराचार्यच वेष पालटून आलेले! ९० अंशांवर फळ २ अंश १० कला ४५ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग).

आजच्या मोजणीने हे १ अंश ५५ कलाच आहे. मुलांचा लगेच निष्कर्ष: ज्या टाकली म्हणून चुकलं. तपासू म्हटलं. ३० अंशांवर रीत १.०९३० देते, नेमक्या ज्येने १.०८९६. फरक १२ विकला, वेळेत एका सेकंदाहूनही कमी. उलट २ अंश १० कला हा आकडाच जुन्या परंपरेतून आलेला, त्याची चूक १६ कला, वेळेत मिनिटभर. जवळजवळ ऐंशीपट. ज्या निर्दोष सुटली. एकोणिसाव्या शतकात जवळच्याच नागावचे केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ग्रहसाधनांची कोष्टकं मराठीत आणली, ती युरोपातल्या नव्या ग्रहगणिताच्या आधारावर. नवे आकडे हवे होते. रीत सुबक होतीच.

फलकात चार तुकडेच ठेवले. मुलांना ते तोंडी सांगता येतात.

३ मे, रविवार

फलक लागला. खाली पाटीवर: “सूर्योदय व सूर्यास्त, सुमारे. समुद्रसपाटीच्या उघड्या क्षितिजासाठी.” बाजूला लॅमिनेट केलेला कागद: रेखांशाची मिनिटं, चार चाली, चरखंडं ४०, ३२, ९, ४⅓ आणि क्षितिजाचे साडेतीन. काकांनी चष्मा सावरून आजचा सूर्यास्त तिथल्या तिथे पेन्सिलीने काढला, फलकाशी एका मिनिटाने जुळला नाही. फलक पूर्णांक करताना जवळचं मिनिट घेतो, काका उरलेला भाग सोडून देतात. कागदावर ती ओळ वाढवायची.

बाकी कामं: पावसाळ्यात डब्यात ओल जाऊ नये म्हणून सिलिकॉन. १ जुलैला घड्याळ जुळवणं. जून ते ऑगस्ट ढगांमुळे तपासणी नाही. २३ सप्टेंबरला छिद्राची पट्टी लावून पलभा पुन्हा, आणि त्याच आठवड्यात किनाऱ्यावर. मार्च २०२७ च्या आधी चारही तुकड्यांचे दिवस नव्याने भरायचे. दरवर्षी विषुव पावणेसहा-सहा तास सरकतो, तो कोडमध्ये अजून हाताने टाकतोय.